कॅमेरा दुकानदाराचा, पुरावा कुणाचा?

२०२५ च्या पावसाळ्यात भांडगावात बचत गटाच्या बायकांची बैठक होती. विषय कर्जाच्या हप्त्यांचा. पण हप्त्यांकडे वळण्याआधीच एकीने बातमी आणली, की हमरस्त्यालगतच्या दुकानदारांची चर्चा झाली आहे आणि प्रत्येकाने कॅमेरे बसवायचे, त्यातला निदान एक रस्त्याकडे वळवायचा, असे ठरले आहे. ३० जूनला आपल्याच तालुक्यात स्वामी चिंचोलीजवळ जे घडले ते सगळ्यांच्या मनात ताजे होते. पंढरपूरला निघालेले एक कुटुंब पहाटे चहाच्या टपरीवर थांबले, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी हत्याराचा धाक दाखवून त्यांना लुटले आणि त्यांच्यातल्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. त्यामुळे कॅमेरे कशासाठी, हे कुणाला विचारावेच लागले नाही. 'लेडीजच्या सेफ्टीसाठी,' असे दुकानदारांनी सांगितले होते म्हणे.

बायकांनी माना डोलावल्या. आपल्यासाठी कुणी काही करतेय म्हटल्यावर नको कोण म्हणेल? तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या, साठी ओलांडलेल्या एक आक्का म्हणाल्या, "आमच्यासाठी बसवत्यात ना? मग कुठं बसवायचा, ते आमाला इचारलं का कुणी?"

सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या. हप्त्यांचा विषय त्या दिवशी मागेच पडला.

भांडगाव हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. यवत मागे टाकून चौफुल्याकडे निघालात की लागते. आषाढात तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती याच वाटेने. एरवी रात्रंदिवस ट्रक. रस्त्यालगत कारखाने, गोदामे, ढाबे, पेट्रोल पंप, हार्डवेअरची आणि मोबाइलची दुकाने. आत ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. या सगळ्या धंद्यांमध्ये बायका आहेत. पॅकिंगला आहेत, साफसफाईला आहेत, ढाब्याच्या मागच्या अंगाला भाकऱ्या थापायला आहेत, कापडाच्या दुकानात, मेडिकलमध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर आहेत. आणि या सगळ्या जागांवर आता कॅमेरे आहेत. पूर्वी बँकेत नि पेट्रोल पंपावर दिसणारी वस्तू आता वडापावच्या गाड्यावरही दिसते. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर आम्हाला १९९७ चा विशाखा निकाल शिकवला होता. कॅमेऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. जे शिकले ते याच रस्त्यावर शिकले.

त्यातला एक धडा सांगते. बाईचे नाव सांगणार नाही, कारखान्याचेही नाही.

ती पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होती. शेडमध्ये सहा कॅमेरे, त्यांचा पडदा सुपरवायझरच्या केबिनमध्ये. कामाला लागून महिना झाला नसेल, तोच तिला केबिनमध्ये बोलावून पडद्यावर दाखवण्यात आले, की दुपारी ती वीस मिनिटे पोत्यांवर बसून होती. पाळीचे दिवस होते, पोटात दुखत होते. हे ती तिथे सांगू शकली नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली आणि त्या वीस मिनिटांचे चित्रण 'रेकॉर्डला' म्हणून वेगळे काढून ठेवले गेले.

पुढे त्याच सुपरवायझरने सुटीच्या वेळी तिच्या अंगाला हात लावायला सुरुवात केली. एकदा नाही, तीन-चार वेळा. ती पाच आठवडे बोलली नाही. का बोलली नाही, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. नवरा ट्रकवर, घरी सासू, दोन मुले शाळेत, आणि हाती आलेली पहिलीच महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी. अखेर तिने आमच्या एका कार्यकर्तीला सांगितले. आम्ही व्यवस्थापनाकडे गेलो. सहा कॅमेरे होते, त्यामुळे जरा धीट मनानेच गेलो. उत्तर मिळाले, "ताई, पंधरा दिवसांचंच राहतं. पुढचं आलं की मागचं पुसतं."

हे खोटे नव्हते. कॅमेऱ्यांची चित्रे ज्या पेटीत साठतात, जिला सगळे डीव्हीआर म्हणतात, तिच्यात एक हार्डडिस्क असते. ती भरली की पेटी आपोआप सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवते. डिस्क केवढी, कॅमेरे किती, चित्र किती स्पष्ट, यावर दिवस ठरतात. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांत साधारण आठवडा ते तीन आठवडे. मोठी डिस्क घातली तर जास्त दिवस राहते, पण तिला पैसे पडतात. दुकानदाराच्या हिशेबात चोरी दुसऱ्या दिवशी कळते, म्हणून त्याला पंधरवडा पुरतो.

बाईचा हिशेब वेगळा असतो. अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा पुरावा कारखान्याने त्याच संध्याकाळी जपून ठेवला. तिच्या अंगाला हात लागल्याचा पुरावा जपावा असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते, कारण कुणाला ते माहीत नव्हते. आणि ज्याला माहीत होते तोच त्या पडद्यासमोर बसत होता.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारीसाठी घटनेपासून तीन महिने देतो, आणि कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बाई दुसऱ्याच दिवशी बोलत नाही, एवढे कायदा करणाऱ्यांना कळले होते. कायदा बाईला तीन महिने देतो, पेटी पंधरा दिवस देते. मधले अडीच महिने आपण काय करायचे? याच कायद्याने समितीला कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेले आहेत, म्हणजे ती चित्रणही मागवू शकते. पण पुसलेले कसे मागवणार? दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. या कारखान्यात ती भिंतीवर फ्रेममध्ये होती. त्या फ्रेममधल्या एक सदस्या केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या. दहापेक्षा कमी माणसे असतील, म्हणजे ढाबा, मेडिकल, कापडाचे दुकान, तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, म्हणजे भांडगावच्या बाईला पन्नासेक किलोमीटरवर. तालुक्याला यासाठी समन्वय अधिकारी असावा लागतो, हे तर मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकाही मालकाला ठाऊक नव्हते.

यातून आणखी एक गोष्ट घडते आहे आणि तिची मला जास्त धास्ती वाटते. पूर्वी बाईने सांगितले की लोक विचारायचे, "कुणी पाहिलं का?" आता विचारतात, "फुटेज आहे का?" नसेल तर विषय संपला. कॅमेरा होता आणि त्यात काही नाही, म्हणजे काही झालेच नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमच्या त्या बाईच्या बाबतीत शेवटी कामी आल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या दोघी. त्यांनी पाहिले होते आणि पाहिले असे सांगायची हिंमत त्यांनी केली. सुपरवायझरला त्या शेडमधून हलवले. बाईने मात्र दोन महिन्यांनी नोकरी सोडली.

आपला अनुभव सुटा नाही, म्हणून बाहेर पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीला आले. शाळेत कॅमेरे होते. मात्र पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नाही, असे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला, की शाळांनी महिन्याभरात कॅमेरे बसवावेत. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, असेही त्यात होते आणि ते योग्यच होते. गावोगावच्या चर्चेत मात्र पहिलाच भाग पोचला, कॅमेरा बसवा. कॅमेरे असून चित्रण मिळाले नाही, या दुखण्यावर आणखी कॅमेरे हे औषध ठरले.

चित्रण मिळाले की सगळे सरळ होते असेही नाही. २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट आठवा. पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला एकाने 'ताई' म्हणून हाक मारली, तुमची गाडी पलीकडे लागलीय असे सांगून अंधारात उभ्या असलेल्या शिवशाही बसकडे नेले आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद आहे. स्थानकात कॅमेरे होते, सुरक्षारक्षक होते, पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. आरोपी आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावचा. चित्रणावरून त्याची ओळख पटली. ड्रोन, श्वानपथके, पोलीस आणि गावकरी शिवारात शोध घेत होते, आणि २८ तारखेला मध्यरात्रीनंतर तो सापडला. इथे कॅमेरा उपयोगी पडला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण त्याच चित्रणात ती त्याच्यामागून चालत जाताना दिसते. न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी जे घडले ते संमतीने घडले, असा बचाव घेतला. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनीही आसपासच्या लोकांना संशय यावा अशी झटापट झाली नाही, अशा अर्थाचे विधान केले आणि टीका झाल्यावर खुलासा केला. चहाच्या टपऱ्यांवर तर निकालच लागला होता, "आपल्या पायानं चालत गेली, दिसतंय की." कॅमेऱ्याला 'ताई' ऐकू आले नाही. एसटीचा माणूस समजून एखादी बाई कुणामागे चालत जाते, तेव्हा तिच्या मनात काय असते ते चित्रात उमटत नाही. चित्र पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून जे असते तेच त्याला तिथे दिसते.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल आमच्या बैठकीत बायका सर्वांत जास्त बोलल्या. मला वाटत होते की त्या कामाच्या जागेबद्दल बोलतील. त्या बोलल्या आपल्या मुलींबद्दल.

बारावीतली एक मुलगी. महामार्गावरच्या एका स्नॅक्स सेंटरमध्ये वर्गातल्या मुलाबरोबर चहा प्यायली. दिवसाउजेडी, चार टेबले भरलेली असताना. मालकाच्या मोबाइलवर कॅमेऱ्यांचे ॲप असते; तो घरी जेवत असला तरी दुकान पाहू शकतो. त्याने मुलीला ओळखले, तुकडा कापला आणि तिच्या चुलत्याला पाठवला. त्याच्या मते हे गावकीचे कर्तव्य. चुलत्याने तो तिच्या वडिलांना पाठवला, आणि मधल्या काळात आणखी कुणाकुणाला गेला ते कुणालाच सांगता येईना. मुलगी दोन महिने घरी बसली. पाहुणे बघायला यायला लागले. आम्ही आणि तिच्या एका बाईंनी आई-वडिलांची समजूत घातली, परीक्षा देववली. पुढचे अजून ठरायचे आहे.

आमच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, शिरूरकडे त्याने माणसे मारली आहेत. कुणाच्या गोठ्याच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की अर्ध्या तासात ती क्लिप सगळ्या वाड्यावस्त्यांवर पोचते, आणि पोचायलाच हवी. चहा पिणारी मुलगीही त्याच वेगाने पोचली. पाच आठवड्यांनी न सापडणारे चित्रण आणि चाळीस सेकंदांत गावभर होणारे चित्रण एकाच प्रकारच्या पेटीतले असते. पेटीची किल्ली कुणाच्या हाती आहे, एवढाच फरक. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात आणि कारखानदारालाही 'मालक'च म्हणतात. या प्रकरणात भाषेने फारशी चूक केलेली नाही.

कॅमेरा कुठे वळवलेला आहे, हाही प्रश्न आहेच. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीला, तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी कपडे घ्यायला गेल्या असताना दुकानातल्या एका कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. गुन्हा नोंदला गेला. कॅमेरा लपवलेला नव्हता, तो दुकानावर देखरेखीसाठीच होता, असे कंपनीचे म्हणणे होते. समजा तसेच असेल. तरी लपवलेला नसलेला कॅमेराही कुठवर पाहतो, हे ती खोली वापरणाऱ्या बाईला कुणी सांगितलेले नसते. मंत्रीबाईंची तक्रार तत्काळ घेतली गेली. चौफुल्याच्या कापडबाजारात गेलेल्या ऊसतोड करणाऱ्या बाईने वर मान करून 'तो कॅमेरा कुठं बघतोय' असे विचारले, तर तिला काय उत्तर मिळेल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले प्रकरण बाहेर आले. डॉक्टर बायकांना तपासत असतानाचे चित्रण चोरून टेलिग्रामवर विकले जात होते. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी सुरुवातीला ज्यांना पकडले त्यांत आपल्या लातूरचा एक आणि सांगलीचा एक होता. पेटीला पासवर्ड होता तो यंत्राबरोबर येतो तसलाच, कुणीही ओळखावा असा, 'ॲडमिन' आणि पुढे एक-दोन-तीन. मी भांडगाव ते केडगाव अशा ओळखीच्या सात दुकानदारांना विचारले की पासवर्ड कुणी ठेवला. पाच जण म्हणाले, "बसवणाऱ्या पोराला माहीत." तो पोरगा आता दुसऱ्या कंपनीत आहे.

कायद्यात याला उपाय आहे, पण तोकडा. बाई कपडे बदलत असताना, शौचाला वा आंघोळीला गेली असताना तिला पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतो. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षे शिक्षा आहे. पण चहा पिणारी मुलगी या कलमात बसत नाही. ती काही खाजगी करत नव्हती, चारचौघांत बसली होती. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या लागू झाल्यावर स्नॅक्स सेंटरच्या मालकाला कुणी जाब विचारेल का? विचारायला आपणच लागू.

हे सगळे ऐकून आमच्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "मग कॅमेऱ्यांना विरोधच करू या. बाईवर आधीच हजार डोळे आहेत, त्यात हा एक कशाला?" त्यांचा मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. त्यांना पटवण्याइतका युक्तिवाद माझ्याकडे नव्हता. तो एका खानावळवाल्या ताईंनी केला. त्या विधवा आहेत, नवऱ्यामागे कारखान्यातल्या मुलांना डबे देतात. त्यांनी दोन कॅमेरे स्वतःच्या पैशाने बसवले. रात्री दहानंतर 'वहिनी, पाणी द्या' म्हणत रेंगाळणारे बंद झाले. दीर गल्ल्यातून पैसे काढायचा, तेही थांबले. "मी त्याला काही बोलले न्हाई," त्या म्हणाल्या, "नुसतं वर बोट दाखवलं." त्यांची पेटी त्यांच्या कपाटात आहे, पासवर्ड त्यांच्या नातीच्या जन्मतारखेचा. आता तो बदला म्हणून मी मागे लागले आहे, ते सोडा. ज्या बाईच्या हातात पेटी आहे तिला कॅमेरा नको, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून माझे म्हणणे असे, की कॅमेरा हवा की नको या वादात आपण अडकू नये. चित्रणावर हक्क कुणाचा, यावर भांडावे. ज्या बाईचे चित्र त्यात आहे तिने तक्रार केली, नुसती तोंडी केली तरी, तर त्या तारखांचे चित्रण बाजूला काढून ठेवणे मालकावर बंधनकारक हवे. माणसे कामाला ठेवणाऱ्या प्रत्येक जागी ते निदान तीन महिने राहायला हवे, कारण कायद्याची मुदत तेवढी आहे. हे अशक्य नाही. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा महिने चित्रण जपायला सांगितले आणि ते शक्य नसेल तिथे निदान वर्षभर. मोठ्या डिस्कचा खर्च एका साऊंड सिस्टिमच्या भाड्याहून जास्त येत नाही, आणि गणपतीत ते भाडे हेच दुकानदार आनंदाने देतात.

तोवर आपण काय करू शकतो? बाईने आपल्याला काही सांगितले, तर तक्रार करायची की नाही याचा निर्णय तिला सावकाश घेऊ द्या, पण चित्रण जपा असे पत्र त्याच दिवशी द्या. त्यात तारखा, वेळ, कोणता कॅमेरा एवढेच लिहा. काय घडले ते लिहायची गरज नाही. पोच घ्या. पत्र दिल्यावरही पुसले गेले, तर मालकाला आपोआप पुसले म्हणून हात झटकता येणार नाहीत. गुन्हा नोंदला असेल तर पोलिसांना लेखी मागणी करून पेटीच ताब्यात घ्यायला सांगा. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून आणू नका, कोर्टात तो टिकत नाही. नक्कल द्यायची तर सोबत पेटी सांभाळणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्के केले, आणि नव्या साक्ष कायद्यातही कलम ६३ मध्ये ते आहे. आणि पेटीचे घड्याळ बघा. लाईट जाऊन येऊन किंवा आतला सेल संपून ते चुकते. एका ठिकाणी मी तारीख पाहिली, ती १ जानेवारी २००० होती. खऱ्या वेळेशी किती फरक आहे तो तिथल्या तिथे पंचनाम्यात लिहून घेतला नाही, तर वर्षभराने वकील त्याच फरकावर बाईला खोटे पाडतो.

दुकानदारांच्या पुढच्या बैठकीला आम्ही अकरा जणी न बोलावता गेलो. चहा मिळाला. ऐकून घेतले. चित्रण तिसऱ्या कुणाला पाठवायचे नाही आणि ॲप एकाच मोबाइलवर ठेवायचे, हे सहा जणांनी कबूल केले, दोघांनी हसण्यावारी नेले. तीन महिने जपायचे म्हटल्यावर सगळेच डिस्कची किंमत विचारू लागले. स्नॅक्स सेंटरवाला आला नव्हता.

बैठक संपल्यावर आक्का म्हणाल्या, "चला, दावते कुठं लावायचा त्यो." दिवस मावळत होता. त्या आम्हाला दुकानांपासून लांब, हमरस्त्यावरून वस्तीकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर घेऊन गेल्या. दुसऱ्या पाळीच्या पोरी इथून चालत येतात. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ओढा. तिथे एक खांब आहे. कॅमेरे बसवणारा पोरगा बरोबर होता. त्याने वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाला, "मावशी, हितं कॅमेरा लावून काय दिसणार? आधी दिवा पायजे."

दिव्याचा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. खांबावर अजून दिवा आलेला नाही.